सिरीजमधलं घर

मी ठिबकच्या नळ्या विकतो. आमच्या धंद्यात थेंबाचा पाऊस करून सांगावा लागतो, त्यामुळे माझ्या बोलण्यातलं निम्मं गाळून घ्यायची सवय ओळखीच्या सगळ्यांना आहे. तुम्हीही गाळा. फक्त आज एक पंचाईत आहे. यातलं जे तुम्हाला थाप वाटेल ते खरं आहे, आणि जे सहज पटेल तिथेच कुठेतरी मी थोडं वाढवलेलं असणार.

विसरवाडीत हायवेच्या मागच्या अंगाला मी खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. पुढे आले, माझ्या कपाळाला उलटा हात लावला. मग बॅगेला लावला. मग मोटरसायकलच्या इंजिनाला लावला आणि चटकन मागे घेतला.

"दूरथीन उना ना? मझार कोठे थांबना बी नही," ते म्हणाले.

खरंच होतं. मी धुळ्याहून एका दमात आलो होतो. मला वाटलं, ज्योतिषी दिसतो. तर ज्योतिषी नव्हे, आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून रिटायर झालेले मास्तर. मूळचे तापीकाठचे, सारंगखेड्याच्या बाजूचे. बोलायचे अहिराणी आणि ओरडायचे शुद्ध मराठीत. आवाज असा की सुरतेकडे निघालेला ट्रक आमच्या चौफुलीवर उगाच ब्रेक मारायचा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मीही म्हणू लागलो.

उलट्या हाताचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तळहात लावशी आन करंट लागना, त मूठ वळी जास. मंग वायरनी तुले धरेल नही ऱ्हास, तूच वायरले धरी ठेवस. उलटा हात लाव. झटका लागना त हात मांगे फेकाई जास, मानूस वाचस."

तीस वर्षं पोरांना हेच सांगून सांगून त्यांचा तळहात जणू निवृत्तच झाला होता. दुधाचं पातेलं तापलं का, उलटा हात. टोमॅटो पिकला का, उलटा हात. गल्लीतल्या कुत्र्यालाही ते उलट्या हातानेच गोंजारायचे आणि कुत्रंही बिचारं गोंधळून कधी डोकं पुढे करायचं, कधी शेपूट. एकदा सारंगखेड्याच्या जत्रेत मी त्यांना घेऊन गेलो. पांढराशुभ्र घोडा, किंमत ऐकूनच माझा घाम निघाला. आबा सरळ पुढे गेले, घोड्याच्या पोटाला उलटा हात लावून डोळे मिटून उभे राहिले. घोडेवाला म्हणाला, "बाबा, क्या देख रहे हो?"

"लीकेज नही शे," आबा म्हणाले. "घोडा चांगला शे."

घोडेवाल्याने पुढे दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला 'लीकेज नहीं है' असं सांगून तो घोडा विकला. हे मी थोडं वाढवलंय.

दुसरी खोड टेपची. वायरीच्या जोडावर टेप गुंडाळायची ती बरोबर तीन वेढे. दोन नाहीत, चार नाहीत. आणि शेवटचं टोक आतल्या बाजूला मुडपून त्याची गव्हाच्या दाण्याएवढी शेपटी ठेवायची. "उद्या दुसरा वायरमन इथे येईल," ते शुद्ध मराठीत ओरडायचे, "त्याला नखांनी खरवडत बसायला लावू नका! शेपटी धरली की सुटलं पाहिजे!" त्यांनी चष्म्याची मोडलेली दांडी अशीच जोडली होती. छत्रीची मूठ अशीच. माझ्या मोटरसायकलच्या आरशालाही एके सकाळी तीन वेढे आणि शेपटी दिसली. मी सांगितलं नव्हतं. आरसा हलतोय हे त्यांना सहन झालं नसावं.

कारण त्यांना सगळ्यात राग कशाचा असेल तर तो लूज कनेक्शनचा. "तुटेल वायर बरी," म्हणायचे, "ती तुटेल शे हाई तरी दखास. लूज वायर खोटं बोलस. शे बी म्हनस, नही बी म्हनस." हे म्हणताना ते माझ्याकडेच का बघायचे, कोण जाणे.

आता दिव्याबद्दल. घरात चार खोल्या होत्या. एकीत आबा. दुसरीत मी. तिसरीत चिंचपाड्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर जाणारी सिस्टर, मूळची वर डोंगरातल्या पाड्यावरची. चौथीत शेठ. शेठ म्हणजे चोवीस वर्षांचा पोरगा. राजस्थानातून काकाच्या कापड दुकानावर बसायला आलेला. पंखे, ट्यूबलाइट, चार्जिंगचे प्लग सगळं प्रत्येकाचं वेगळं, जगात असतं तसं. पण त्याशिवाय प्रत्येक खोलीत दारावर एकेक जुना पिवळा बल्ब होता आणि त्याखाली एकेक काळं बटण. हे चारही बल्ब आणि चारही बटणं एकाच वायरीत, एकामागे एक. आबांच्या भाषेत, सिरीजमध्ये.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली. "घराबाहेर पडाना त बटन बंद. घर उनात का चालू. बाकी तुम्ही काय खातस, काय पेतस, माले काय करानं?"

"माझा दिवा लागत नाहीये आबा," मी पहिल्या संध्याकाळी बटण खटखट वाजवत ओरडलो.

"सिस्टर येवानी शे अजून."

"सिस्टर आली नाही म्हणून माझा दिवा लागणार नाही?"

तेव्हा आबांनी ओट्यावर बॅटरीचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे मांडले. माझी विजेविषयीची समज त्या काळी अशी होती की एक वायर पुष्कळ झाली. पारवे नाही का एकाच तारेवर बसत? आबांनी एक वायर सेलच्या टोकाला लावली, तिचं दुसरं टोक बल्बला. "लागना का?" नाही लागला. मग दुसरी वायर बल्बकडून सेलच्या बुडाला नेऊन टेकवली. लागला.

"करंट जास नही रे भाऊ, फिरस," ते म्हणाले. "गया तो परत येवाले पाह्यजे. परत उना नही, त दिवा लागस नही. मझार कोठे बी, एक बी जागा उघडी ऱ्हायनी, त सर्वासना दिवा बंद."

इतक्यात फाटक वाजलं. सिस्टर आली, चप्पल काढली, आत गेली. आणि चारही दारांवरचे बल्ब एकदम लागले. लागले म्हणजे काय, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर झाले. एका बल्बाची वीज चौघांत वाटलेली. त्या उजेडात स्वतःचा हातसुद्धा ओळखीचा आहे म्हणून दिसायचा. पण आबा ओट्यावर उभे राहिले आणि हायवेवरच्या ट्रकांना ऐकू जाईल अशी सगळे आल्याची वर्दी दिली,

"सर्वा उनात!"

शेठला तो मंद उजेड म्हणजे त्याच्या खोलीचा अपमान वाटायचा. एके दिवशी त्याने काकाच्या गोदामातून तब्बल दोनशे वॉटचा, नारळाएवढा बल्ब शोधून आणला आणि आपल्या होल्डरला लावला. संध्याकाळी आम्ही सगळे बघायला जमलो. आबांनी बटण दाबलं. आमचे तिघांचे बल्ब एरवीपेक्षा झकास पिवळे उजळले आणि शेठचा नारळ साफ काळा.

"ये क्या हुआ?" शेठ रडकुंडीला आला.

"सिरीजमा उलटं ऱ्हास, शेठ," आबा पोट धरून हसत होते. "जो मोठा व्हस, त्याले कमी भेटस. तू तुन्हा उजेड आमले वाटी टाका!"

शेठ तीन दिवस आबांशी बोलला नाही. चौथ्या दिवशी आबांनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून, जुन्या पेपरात गुंडाळलेला साठ वॉटचा बल्ब काढून त्याला दिला. असे पिवळे बल्ब आता दुकानात मागितले तर दुकानदार आपल्याकडेच जुना माल असल्यासारखा बघतो. आबांच्या पेटीत डझनावारी होते. एक उडाला तर चौघांचेही जाणार, म्हणून साठवलेले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी एकदा सिस्टरला विचारलं. मला वाटलं होतं मास्तरांचा चळ आहे. रिटायर माणसं झाडं लावतात, यांनी दिवे लावले.

सिस्टर कपडे वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "आजी, म्हणजे आबांची बायको, इथेच गेल्या. आबा आयटीआयच्या परीक्षेला बाहेरगावी गेलेले. या तिन्ही खोल्यांत तेव्हाही भाडेकरू होते. सगळे घरीच. टीव्ही चालू, पंखे चालू. आजी आबांच्या खोलीत पडलेल्या, पूर्ण एक दिवस. आबा आले तेव्हा त्यांनीच दार उघडलं."

"कोणालाच कळलं नाही?"

"कळायला काय होतं? प्रत्येकाचा दिवा आपापला चालू होता ना."

नंतर आबांना मी आडून आडून छेडलं. ते हातातली पक्कड उघडत-मिटत होते. मग म्हणाले, "तीस वरीस पोऱ्यास्ले शिकाडं, घरमा सर्व पॅरललमा जोडा. एकनं बंद पडनं त दुसराले समजाले नको. बरोबर शिकाडं. पुस्तकमा तसंच शे." पक्कड मिटली. "आते ह्या घरमा कोनी पडनं, त बाकीनासले समजाले पाह्यजे. बस. दुसरं काही मांगनं नही मन्हं."

मला हे सगळं कळलं होतं, हे आधीच कबूल करतो. पुढचं मी अडाणीपणाने केलं नाही.

एका संध्याकाळी प्रकाशा गावाच्या बाजूला एका शेतकऱ्याने मला जेवायला थांबवलं. दाल-बट्टी, वांग्याचं भरीत, माझी तोंडी जाहिरात, सगळं रंगात आलेलं. फोन गाडीला अडकवलेल्या बॅगेत. साडेआठला घरी पोहोचलो तर अंगणात अकरा माणसं. आबांनी चौफुलीवर उभं राहून प्रत्येक ट्रकवाल्याला विचारलं होतं, ठिबकवाला कुठे पडलेला दिसला का. माझ्या तीन गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं होतं. एक जण मला शोधायला टॉर्च घेऊन कोंडाईबारी घाटाकडे निघाला होता. मला बघून आबांनी आधी इंजिनाला उलटा हात लावला, मग माझ्या कपाळाला, आणि मग सगळ्यांसमोर शुद्ध मराठीत असे काही ओरडले की मी चाळिशीचा बाप्या शाळेतल्यासारखा मान खाली घालून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड उघडला. मोबाईलच्या जुन्या चार्जरची वायर सोलली, तिच्या तारा पिळल्या आणि काळ्या बटणाच्या दोन्ही स्क्रूंना मागून बांधून टाकल्या. म्हणजे बटण चालू असो की बंद, माझ्यापुरता रस्ता कायम जोडलेला. मी घरी असो की नसो, लाईनच्या हिशेबी मी घरी. टेप नव्हती, लावली नाही. कुठे शोधा? झाकण बंद केलं आणि मोकळा झालो.

कमाल म्हणजे कोणालाच काही कळलं नाही! मी सातला येवो, नऊला येवो, आबा ओरडेनासे झाले. मी स्वतःला विसरवाडीचा सर्वात हुशार माणूस समजू लागलो. ओट्यावर बसून आबा जुने बल्ब फडक्याने पुसत असायचे. मी गाडी लावायचो. ते उठून इंजिनाला उलटा हात लावायचे, "गरम शे, आत्तेच उना," असं पुटपुटायचे, सावकाश आत जायचे. मागोमाग दिवे लागायचे आणि आवाज यायचा, "सर्वा उनात!" फसले बिचारे, असं मनात म्हणून मी हसत खोलीत जायचो. असं दोन वर्षं.

मागच्या हिवाळ्यात सारंगखेड्याची जत्रा भरली तेव्हा मी तिथे नळ्यांचा स्टॉल लावला होता. रोज जायचो, रोज यायचो. धुळीने माखून यायचो, ट्यूबलाइट लावून खाटेवर पडायचो, छातीवर फोन. एक संध्याकाळ अशी गेली. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्यूटीला निघता निघता माझ्या दारात उभी राहिली.

"आबा दिसले का तुम्हाला?"

"असतील आत."

"काल दिवा लागला होता?"

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. या वेळी मी शेठला हाक मारली. तो ब्रश तोंडात धरून आला. "दिया? कल?" त्याने आठवून बघितलं. "परसो तो... पता नहीं." एका घरात राहणाऱ्या तीन माणसांपैकी एकालाही सांगता येईना, डोक्यावरचा दिवा लागला होता की नव्हता.

अंगणात दोन दिवसांचे पेपर पडले होते. वरच्यावर दव होतं. खालच्यावर टायरचा छाप होता. माझ्या गाडीचा.

दार आम्ही खांदा लावून उघडलं. आबा जमिनीवर होते, बोर्डाच्या खाली. काळं बटण बंद होतं. सिस्टर गुडघ्यावर बसली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. उलटा.

"झोपेतच गेले," ती म्हणाली. "त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

मी खोटं बोलण्यात मुरलेला माणूस आहे, मला दुसऱ्याचं खोटं चटकन ओळखू येतं. अंथरुणाची घडी तशीच होती. झोपेतला माणूस बोर्डाखाली जमिनीवर कसा येईल, हे मी विचारलं नाही. किती वेळ, हेही विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

दिवस झाले. त्यांचा पुतण्या तापीकाठच्या गावाहून आला. भला माणूस, सरकारी नोकरीत आहे. आबांच्या खोलीतलं सामान त्याने बांधलं, पत्र्याची पेटी तेवढी तिथेच ठेवली, कुलूप लावलं. म्हणाला, "हे दिव्याचं काय झंझट आहे, पुढच्या आठवड्यात वायरमन आणतो आणि सगळं काढून टाकतो. तुम्हालाही त्रासच होता ना?"

आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. वायरमन येणार म्हणजे आबांचाच कुणीतरी विद्यार्थी येणार. तो माझा बोर्ड उघडणार, आत चार्जरच्या तारांचा गुंता बघणार आणि त्याला सगळं समजणार. म्हणून मी दार लावून घेतलं आणि आपलं पाप आपणच काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो.

झाकण काढलं. चार्जरची वायर नव्हती.

तिच्या जागी तांब्याची अखंड, सरळ तार होती. बरोबर मापाची. दोन्ही टोकांना गोल वाकवून स्क्रूखाली नीट बसवलेली, वरून काळी टेप. मी मोजले. तीन वेढे. टोक आतल्या बाजूला मुडपलेलं, गव्हाच्या दाण्याएवढी शेपटी.

किती वेळ बसलो ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही वाढवलंय म्हणाल. मग उठलो आणि शेठचं दार ठोठावलं. त्याला म्हटलं, तुझा बोर्ड उघड. त्याचा चेहरा पडला. "भाईसाब, मैंने वो... सिर्फ मैंने..." त्याच्या बोर्डातही तशीच तार होती. तीन वेढे, शेपटी. सिस्टर आमचा आवाज ऐकून बाहेर आली. तिला मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "माझं येणं-जाणं कोणी मोजावं, हे मला नको होतं. गॉजच्या पट्टीत तार गुंडाळून बांधली होती मी." तिच्या बोर्डात गॉज नव्हतं.

म्हणजे दोन वर्षं त्या अख्ख्या वायरीत खरं बटण एकच होतं. आबांचं. ते त्यांना माहीत होतं. दिवा आता काहीच सांगत नाही, म्हणून ते ओट्यावर बसायचे. बल्ब पुसायचे. इंजिन गरम झालेलं हाताने बघायचे, सिस्टरच्या चपला दारात आल्या की नाही ते बघायचे, शेठच्या दाराचं कुलूप निघालेलं बघायचे. आणि चौथे आपण, असं मोजून झाल्यावर आत जाऊन स्वतःचं बटण दाबायचे. आमचं खोटं लूज होतं, तेवढं त्यांना चाललं नाही. ते त्यांनी पक्कं करून दिलं.

त्या दोन संध्याकाळी दिवे लागले नाहीत. वायरीने आपलं काम चोख केलं होतं. घरात कोणीतरी पडलंय, असं चारही दारांवरून सांगितलं होतं.

शेपटी धरून ओढली की टेप खरंच सुटते. तिन्ही तारा आम्ही काढल्या. झाकणं लावली. दिवस मावळत होता, हायवेवर गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. शेठ आपल्या खोलीत गेला, सिस्टर तिच्या, मी माझ्या. न ठरवता तिघांनी काळी बटणं दाबली. खट, खट, खट. मग बाहेर येऊन अंगणात उभे राहिलो आणि वर बघितलं.

आम्ही तिघंही घरी होतो. दिवा लागला नाही.